आधी शाळा, मग स्टेडियम

मोठी क्रीडास्पर्धा शहरात आली की गरिबांच्या मुलांना प्रेरणा मिळते, हा आयोजकांचा पहिला दावा. तो मला मान्य आहे. 2010 च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत गीता फोगटने कुस्तीचे सुवर्ण जिंकले, ते पाहून कितीतरी मुलींना आखाड्याची ओढ लागली असेल. पण स्पर्धेच्या नावाखाली घर पाडले गेल्याने ज्या मुलाची शाळाच सुटली, त्याने या प्रेरणेचे काय करायचे?

दुसरा दावा असा की, पाडलेल्या वस्त्या बेकायदा होत्या, त्या कधीतरी हटणारच होत्या. दिल्लीला यजमानपद मिळाले 2003 च्या अखेरीस. पुढच्याच वर्षी यमुना पुश्त्यावरच्या, म्हणजे नदीकाठच्या बांधावरच्या, झोपड्यांवर बुलडोझर फिरला. कारण दिले नदीच्या प्रदूषणाचे. मग त्याच यमुनेच्या पूरक्षेत्रात खेळाडूंसाठी पक्के क्रीडाग्राम कसे उभे राहिले? नियम नदीसाठी होता, तर तो दोघांनाही लागू व्हायला हवा होता.

पाडकाम सुरू झाले फेब्रुवारीत आणि चालले एप्रिलपर्यंत, म्हणजे ऐन वार्षिक परीक्षांच्या दिवसांत. ज्यांना पर्यायी जागा मिळाली, त्यांतल्या अनेकांना पार शहराच्या टोकाला, बवानात, 18 किंवा साडेबारा चौरस मीटरचे तुकडे मिळाले. आईची धुण्याभांड्याची कामे मात्र जुन्याच भागात राहिली. ती पहाटे बस धरणार, मग धाकट्याला कोण सांभाळणार? थोरली मुलगी. तिचे दप्तर तिथेच मिटते. हे नुकसान स्पर्धेच्या कुठल्याच हिशेबात धरले गेले नाही.

उलट अशाच वंचितांच्या वाट्याचा पैसा त्या हिशेबात गेला. अनुसूचित जातींच्या विकासासाठी राखलेले सुमारे 744 कोटी रुपये स्पर्धेच्या कामांकडे वळवले गेले. ते चूक होते, असे तेव्हाचे गृहमंत्री पी. चिदंबरम यांनी राज्यसभेत म्हटले.

म्हणून स्पर्धाच नकोत, असे मी म्हणत नाही. खेळ मुलांचाच आहे, म्हणून पहिला हक्कही त्यांचा. शैक्षणिक वर्ष चालू असताना एकही घर पाडू नये. नव्या जागी शाळेत प्रवेश झाल्याखेरीज कुटुंब हलवू नये, आणि ती जागा पालकांच्या रोजगाराजवळ असावी. स्पर्धा संपल्यावर मैदानाचे ठरावीक तास महापालिकेच्या शाळांना विनामूल्य द्यावेत आणि हे करारातच लिहावे. तोंडी आश्वासनावर मूल धावू शकत नाही.

2030 ची राष्ट्रकुल स्पर्धा अहमदाबादला होणार आहे. तिथल्या कामांच्या निविदा निघतील, तेव्हा ही कलमे त्यांत असतील का, हे आपण प्रत्येकाने आपल्या खासदाराला आत्ताच विचारले पाहिजे.