करखाते शहाणे झाले तर व्यापाऱ्याचेच भले

करखात्याचे बळ वाढावे, असे एखाद्या व्यापाऱ्याने लिहिले तर बाजारात लोक हसतील. 'आ बैल मुझे मार' असा हा प्रकार आहे, असेही म्हणतील. परंतु इतकी वर्षे कापडाच्या धंद्यात घालविल्यावर आमचे मत ठाम झाले आहे की, व्यापाऱ्याला खरा त्रास जाणकार अधिकाऱ्याचा होत नाही. तो धंदा न समजणाऱ्या अधिकाऱ्याचा होतो. ज्याला ग्रे कापड आणि रंगवून तयार झालेले कापड यांतला फरक कळत नाही, तो अंदाजाने आकडा लावतो. हा अंदाज ज्याच्या वह्या उघड्या आहेत त्याच्याच माथी बसतो. कच्च्या चिठ्ठीवर माल विकणारा मात्र सुटतो.

देशांच्या पातळीवरही हेच घडते. एखादी बडी कंपनी गरीब देशात खाण किंवा कारखाना काढते आणि तेथील माल दुसऱ्या देशातील आपल्याच कंपनीला कमी भावाने विकते. नफा जेथे कर नाममात्र आहे तेथे जमा होतो. कागद सारे पक्के असतात. ही चलाखी पकडण्यासाठी बाजारभाव, करार आणि हिशेब या तिन्हींची जाण असलेला अधिकारी लागतो. तो नसेल तर बुडालेल्या कराचा बोजा शेवटी लहान दुकानदार आणि गिऱ्हाईक यांच्यावर पडतो.

यावर आफ्रिकेतील देशांनी एक मार्ग काढला. 2009 साली युगांडातील कंपाला येथे त्यांनी आपल्या करखात्यांचा एक सामाईक मंच उभा केला. त्याची कचेरी दक्षिण आफ्रिकेत प्रिटोरिया येथे आहे. पुढे 2015 साली आदिस अबाबा येथे संयुक्त राष्ट्रांचा विकास कार्यक्रम आणि श्रीमंत देशांची ओईसीडी ही संघटना यांनी मिळून दुसऱ्या देशात करनिरीक्षक पाठविण्याची योजना सुरू केली. तिची खुबी अशी की, आलेला जाणकार नुसते व्याख्यान देऊन परत जात नाही. तो स्थानिक अधिकाऱ्यांच्या शेजारी बसून चालू प्रकरणांचे काम शिकवितो. या योजनेत केनियाच्या अधिकाऱ्यांनी बोट्स्वानाला मदत केली. म्हणजे शिकविणारा गोराच असला पाहिजे असे नाही. ज्याने तीच अडचण कालपरवा सोसली आहे तो अधिक चांगले शिकवितो.

आपला देशही यात मागे नाही. 2021 साली याच योजनेखाली भारताने भूतानला साहाय्य देऊ केले. प्रत्यक्ष कराच्या अधिकाऱ्यांना शिकविणारी राष्ट्रीय अकादमी तर आपल्या नागपुरातच आहे. दक्षिण आशियाचा करारही तयार आहे. सार्क देशांनी 2005 साली ढाका येथे दुहेरी कर टाळण्याचा आणि करविषयक परस्पर साहाय्याचा करार केला. माहितीची देवाणघेवाण व अधिकाऱ्यांचे प्रशिक्षण या दोन्हींची तरतूद त्यात आहे. परंतु 2014 च्या काठमांडू परिषदेनंतर सार्कच्या राष्ट्रप्रमुखांची बैठकच झालेली नाही.

राजकारणाचे भांडण राजकारण्यांनी पाहावे. बिलात कमी भाव दाखवून माल सरहद्दीपलीकडून आला तर मार येथील यंत्रमागवाल्याला बसतो आणि महसूल दोन्हीकडचा बुडू शकतो. त्यासाठी शिखर परिषदेची वाट पाहण्याचे कारण नाही. दोन्हीकडच्या खात्यांतील अधिकारी एकत्र बसून शिकू शकतात.

मात्र आमच्या दोन अटी आहेत. या शिक्षणात व्यापारी संघटनांनाही बोलवावे. सुताचा भाव आणि उधारीचा रिवाज पुस्तकात सापडत नाही. दुसरे, देवाणघेवाणीत गेलेली व्यापाऱ्याची माहिती गुप्त राहील, याची हमी कायद्याने मिळावी. एवढे झाले तर इमानदारीने कर भरणारा व्यापारी या कामात सरकारबरोबर उभा राहील.