गोळी हवी कुणाच्या पोटात, जाते कुणाच्या?

मंडळी, थोडं कडू लिहितोय. पण लिहायलाच हवं.

हल्ली ज्याच्या घरी जावं तिथे टेबलावर बाटल्यांची रांग. मल्टीव्हिटॅमिन, ओमेगा-३, केसांसाठी बायोटिन, 'इम्युनिटी'चं काहीतरी. हे घ्यायला सांगितलं कुणी? रीलवाल्याने. आणि रीलखालीच त्याचा डिस्काउंट कोड! अहो, डब्यावरची बारीक अक्षरं एकदा वाचा. 'औषधी वापरासाठी नाही' असं छापणं नियमाने बंधनकारक आहे. डबा खरं बोलतो, विकणारा नाही.

"घेतलं तर बिघडलं कुठं?" हा ठरलेला प्रश्न. तर बिघडतं. फिनलंडमध्ये २९ हजारांवर धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर मोठी चाचणी झाली. बीटा-कॅरोटिनने कॅन्सर टळेल अशी आशा होती. १९९४ साली निकाल आला, तर गोळी घेणाऱ्यांमध्ये फुप्फुसाचा कॅन्सर १८ टक्के जास्त! ड जीवनसत्त्वाचा ६० हजार युनिटचा डोस साधारण आठवड्यातून एकदा देतात. तोच कुणी रोज घेत राहिला तर रक्तातलं कॅल्शियम वाढतं आणि किडनीवर बेततं. हृदयविकार नसलेल्या म्हाताऱ्या माणसांना 'रक्त पातळ राहावं' म्हणून रोज ॲस्पिरिन देण्याचं तेच. २०१८ च्या ॲस्प्री चाचणीत अशा १९ हजारांवर लोकांमध्ये फायदा दिसला नाही, रक्तस्राव मात्र वाढला. (ज्यांना अटॅक येऊन गेलाय किंवा स्टेंट आहे, त्यांनी ही पोस्ट वाचून गोळी अजिबात बंद करू नये. त्यांचं गणित वेगळं.)

आता "बघा, आम्ही म्हणतच होतो, गोळ्या म्हणजे विष" म्हणणाऱ्यांनी लगेच टाळ्या वाजवू नयेत. तुमचाही हिशोब करायचाय.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी-५ नुसार महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या सुमारे ५४ टक्के बायकांना रक्तक्षय आहे. सरकारी दवाखान्यात लोहाची लाल गोळी फुकट मिळते. गरोदरपणात १८० दिवस घ्यायची असते. देशात ती पूर्ण १८० दिवस घेणाऱ्या आया किती? साधारण चारातली एक! का? कधी दवाखान्यात साठा नसतो. मळमळ होते, शी काळी होते, पोट साफ होत नाही, आणि हे आधी कुणी सांगितलेलं नसतं. वर सासूबाई म्हणतात, "गोळीने उष्णता होते, मूल काळं होतं." गोळी जाते उकिरड्यावर. बाळंतपणात रक्तस्राव झाला की याच बाईच्या जिवावर बेतायची वेळ येते.

फॉलिक ॲसिडचं तर आणखी वाईट. बाळाच्या मेंदू-मणक्याची नळी गर्भ राहिल्यापासून चार आठवड्यांत बंद होते, म्हणजे बाईला दिवस गेल्याचं कळायच्या सुमारास. म्हणून गोळी महिनाभर आधी सुरू व्हायला हवी. ब्रिटनच्या पुढाकाराने झालेल्या १९९१ च्या चाचणीत, आधी असं व्यंग असलेलं बाळ झालेल्या बायकांमध्ये या स्वस्त गोळीने पुन्हा तसं होण्याचा धोका सुमारे ७० टक्क्यांनी कमी झाला. आपल्याकडे लग्नाच्या याद्या सहा महिने चालतात. त्यात या गोळीची ओळ कुणाच्या यादीत असते?

म्हणून गोळी चांगली की वाईट हा वादच फालतू आहे. कुणाला, किती, किती दिवस, एवढंच विचारा. ज्याचं पोट भरलेलं आहे तो विकत घेऊन खातो, आणि जिच्या अंगात रक्त नाही तिच्यापर्यंत फुकटची पोचत नाही. हे आरोग्य खात्याचं अपयश आहे आणि आपल्या घरांचंही.

आज दोनच कामं करा. घरातल्या सगळ्या बाटल्या पिशवीत भरून डॉक्टरांसमोर ओता आणि विचारा, यातली नेमकी कुठली हवी? आणि घरात कुणी गरोदर असेल तर लाल गोळ्यांचं पाकीट मोजा. चहासोबत नाही, लिंबूपाण्यासोबत द्या. केंद्रात साठा संपलाय म्हणाले तर कुठलं केंद्र ते कमेंटमध्ये लिहा. आपण मिळून जाब विचारू.