अक्को कधी सुधारणार?



गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत आमची पुतणी आठ-दहा दिवस आमच्या घरी राहावयास आली होती. यंदा ती आठवी इयत्तेत गेली. सायंकाळची प्रार्थना व जेवण आटोपले म्हणजे ती एक जपानी चित्रमालिका पाहत बसे, आणि पोरीची सोबत म्हणून प्रथम आम्ही, मग घरातील सर्वच मंडळी तिच्याशेजारी बसू लागली. या मालिकेचे नाव 'लिट्ल विच अ‍ॅकॅडेमिया'. चेटूकविद्या शिकणाऱ्या मुलींच्या शाळेची ही कथा आहे. जपानातील अशा रेखाटलेल्या चित्रपटांस व मालिकांस 'अ‍ॅनिमे' म्हणतात, व जगभर त्यांचे लक्षावधी चाहते आहेत.

नाव ऐकताच आमच्या कपाळास आठी पडली, हे आम्ही कबूल करतो. जादूटोणा आपल्या धर्मशिकवणुकीस मान्य नाही. शिवाय 'चेटकीण' हा शब्द आपल्या खेड्यापाड्यांतून कित्येक निराधार स्त्रियांच्या कपाळी मारला गेला आहे, तेव्हा तो सहज उच्चारावा असाही नाही. परंतु दोन-तीन भाग पाहिल्यावर आमच्या ध्यानी आले की येथील चेटूक हे परीकथेतील चेटूक आहे. उडते झाडू, बोलणारे प्राणी, टोकदार टोप्या, हे सारे त्या कथेचे केवळ कपडे होत. आतील गोष्ट शाळेची आहे. एक मुलगी वर्गात मागे पडते, दुसरी सदैव पहिली येते, आणि भोवतालचे लोक दोघींविषयी आपापली मते ठरवून टाकतात.

या मालिकेचा जन्म कसा झाला, तेही सांगण्यासारखे आहे. जपानमध्ये तरुण चित्रकारांस अनुभवी हातांखाली काम शिकता यावे म्हणून सरकारी साहाय्याने एक योजना चालत असे. 'अ‍ॅनिमे मिराई' नावाच्या या योजनेत ट्रिगर या चित्रसंस्थेने २०१३ साली सुमारे अर्ध्या तासाचा एक लघुपट तयार केला. त्याचे दिग्दर्शक यो योशिनारी. म्हणजे शिकाऊ चेटकिणींची ही कथा प्रथम शिकाऊ चित्रकारांच्याच हातून उतरली. ती परदेशी प्रेक्षकांस इतकी आवडली की त्याच वर्षी, दुसरा लघुपट अधिक लांब करता यावा म्हणून संस्थेने लोकवर्गणी मागितली, तेव्हा १,५०,००० डॉलरांच्या ठिकाणी ६,२५,००० डॉलरांहून अधिक रक्कम जमली. हा दुसरा लघुपट २०१५ साली प्रकाशात आला, आणि २०१७ च्या जानेवारी ते जून या काळात २५ भागांची मालिका जपानी दूरचित्रवाणीवर दाखविण्यात आली. ज्यांनी पदरचे पैसे घातले, त्यांस त्यातील मुली आपल्या घरच्याच वाटाव्यात, हे स्वाभाविक आहे. आणि घरच्या मुलांविषयी माणसे जशी बोलतात, तसेच हे चाहते त्या मुलींविषयी बोलू लागले.

कथेची नायिका अत्सुको कागारी. सारे तिला अक्को म्हणतात. तिच्या घराण्यात कोणीही विद्या जाणणारे नाही. लहानपणी शायनी शारिओ नावाच्या एका जादूगारिणीचा खेळ तिने पाहिला आणि आपणही तशीच व्हावे या ध्यासाने ती जपान सोडून लुना नोव्हा नावाच्या शाळेत दाखल झाली. परंतु तेथे तिला काहीच येत नाही. इतर मुली पहिल्याच दिवसांत झाडूवर बसून उडतात. अक्कोचा झाडू जमिनीवरून हलत नाही. ती उतावळी आहे, कष्टांपेक्षा चमत्काराची वाट पाहणारी आहे, आणि एकदा केलेली चूक पुन्हा करण्यात तिचा हात कोणी धरणार नाही.

येथे चाहत्यांत दोन तट पडले. कित्येकांस अक्कोचा उत्साह लागलीच आवडला. परंतु पुष्कळांचा धीर सुटला. त्यांचे म्हणणे असे की, दहा भाग झाले तरी ही मुलगी आहे तेथेच आहे. प्रत्येक वेळी धडा शिकते आणि पुढल्या वेळी विसरते. मग यात स्वभावाची वाढ ती कोठे? आमची पुतणीही एके रात्री वैतागून म्हणाली, "काका, ही अक्को कधी सुधारणार?" आम्हांसही तसेच वाटत होते, म्हणून आम्ही मान डोलविली.

याउलट डायना कॅव्हेंडिश. जुन्या व थोर घराण्यातील ही मुलगी शाळेत सर्वप्रथम. पहिल्या लघुपटात ती पुष्कळशी गर्विष्ठ प्रतिस्पर्धी म्हणूनच रंगविली आहे. मालिकेत मात्र तिच्या पाठीराख्या मैत्रिणी अक्कोस टोमणे मारतात, आणि डायना स्वतः बहुधा संयम राखते. मालिकेच्या उत्तरार्धात घराण्याचा भार घेण्यासाठी ती शाळा सोडून घरी जाते. तेथे तिची मावशी व मावशीच्या मुली तिच्या मार्गात अडथळे आणतात. घराण्याचे प्रमुखपद मिळण्याचा विधी ठराविक वेळीच व्हावयाचा असतो. परंतु त्याच घटकेस त्या मावशीचा जीव संकटात सापडतो, आणि डायना विधी सोडून तिला वाचविते. हे दोन भाग पाहिल्यानंतर चाहत्यांचे प्रेम डायनाकडे असे वळले की अनेकांनी तीच या मालिकेतील सर्वांत उत्तम घडलेली व्यक्ती असे म्हटले. काहींनी तर खरी नायिका तीच, असाही निवाडा दिला.

या निवाड्यात काही चूक आहे असे नाही. तथापि आम्हांस त्यात आपल्या सर्वांची एक सवय दिसली. ज्याची वाढ एका झटक्यात, एखाद्या मोठ्या प्रसंगात दिसून येते, त्याचे आपण कौतुक करतो. आणि ज्याची वाढ बोटभर होते, मग पुन्हा अर्धे बोट मागे येते, त्याची वाढ आपणांस दिसतच नाही. वास्तविक अक्कोही पुढे सरकत होती. रूपांतराची विद्या तिला थोडी साधू लागली होती. जुन्या मंत्राचे सात शब्द तिला एकामागून एक उमगत होते, आणि त्यांतील एक शब्द तर धीराचाच होता. परंतु आमचे सारे लक्ष तिच्या झाडूकडे लागलेले. झाडू उडाला नाही, म्हणजे काहीच झाले नाही!

अखेरच्या काही भागांत मात्र कथा एक वळण घेते, आणि येथे प्रेक्षकांच्या सगळ्या तक्रारी त्यांच्याच पदरी परत येतात. अक्कोची आवडती शिक्षिका अर्सुला हीच पूर्वीची शारिओ असते. आपले खेळ अधिक देखणे व्हावेत म्हणून तिने क्रोआ नावाच्या मैत्रिणीने दिलेले एक साधन वापरले होते. हे साधन पाहणाऱ्या मुलांच्या अंगची उपजत शक्ती शोषून घेते, हे शारिओस तेव्हा ठाऊक नव्हते. त्या मुलांत अक्कोही होती. ज्या खेळाने तिला स्वप्न दिले, त्याच खेळाने ते स्वप्न पुरे करण्याचे बळ तिच्यापासून हिरावून घेतले. झाडू न उडण्याचे कारण आळस नव्हते व मंदपणाही नव्हता.

हे उघड होताच कित्येक चाहत्यांनी आरंभीचे भाग पुन्हा पाहिले. ज्या प्रसंगांस ते हसले होते, त्याच प्रसंगांनी आता त्यांच्या डोळ्यांत पाणी आणले. काहीजण शारिओवर रागावले व तिला इतक्या सहज क्षमा मिळावी काय, असा प्रश्न त्यांनी केला. क्रोआविषयी तर हा प्रश्न अधिकच कडवटपणे विचारला गेला. आणखी काहींनी म्हटले की, कारण कळले म्हणून दोष धुतला जात नाही. अक्कोचा उतावळेपणा तिचा स्वतःचाच होता. हेही खोटे नाही. प्रेक्षकांचा हा वाद अद्याप मिटलेला नाही, आणि आम्ही तो मिटविणार नाही.

आम्हांस सांगावयाचे आहे ते याच्या पुढल्या प्रसंगाविषयी. सत्य कळल्यावर अक्को खचून एकटीच गावात भटकत असते, तेव्हा डायना तिला शोधीत येते. ती सांगते की, लहानपणी शारिओच्या त्याच खेळास आपणही गेलो होतो व आपलीही शक्ती तशीच नाहीशी झाली होती. मोठ्या घराण्यातील मुलीस यासारखी लाज दुसरी कोणती? परंतु रात्रंदिवस अभ्यास करून तिने ती शक्ती पुन्हा मिळविली.

वाचकहो, क्षणभर येथे थांबावे. दोघींचे नुकसान एकच. एकीने ते भरून काढले, दुसरीस ते साधले नाही. या जगात अक्कोस 'मी केले, मग तुला का जमत नाही?' असे विचारण्याचा अधिकार कोणास असेल, तर तो एकट्या डायनास. आणि डायना ते विचारत नाही. आपली कहाणी ती तुलनेसाठी सांगत नाही, सोबतीसाठी सांगते. उलट अक्कोने जे मिळविले ते आपणांस मिळविता आले नाही, हे ती मोकळेपणाने मान्य करते. चाहत्यांनी डायनाची थोरवी मावशीस वाचविण्यात पाहिली. आम्हांस ती या न विचारलेल्या प्रश्नात अधिक दिसली.

हे लिहिताना आमचा हात थोडा अडखळतो. कारण त्याच सुटीत, दुपारच्या वेळी, पुतणीस गणित शिकविण्याचे काम आमच्याकडे होते. अवयव पाडण्याची उदाहरणे तिला जमत नव्हती. कालचे आज विसरे. तेव्हा एके दिवशी आम्ही तिला म्हणालो, "तुझी ताई तुझ्याएवढी होती तेव्हा ही गणिते झोपेत करी." पोर काही बोलली नाही. वहीत मान घालून बसली. त्याच रात्री तिने आम्हांस विचारले होते, ही अक्को कधी सुधारणार म्हणून. आणि आम्ही मान डोलविली होती! तो प्रश्न तिने कोणाविषयी विचारला होता, हे आमच्या ध्यानी आले ते तो डायनाचा प्रसंग पाहताना, आठवड्यानंतर.

आपण सारेच आपल्या मुलांचे प्रेक्षक आहोत. धाकट्याची थोरल्याशी, आपल्या पोराची शेजारच्या पोराशी तुलना आपण दिवसातून किती वेळा करतो, याचा हिशोब कोणी ठेवीत नाही. तुलना करताना आपला हेतू वाईट नसतो. त्या चाहत्यांचाही नव्हता. अक्कोचे भले व्हावे म्हणूनच ते चिडत होते. परंतु एखादे मूल मागे का राहिले याचे कारण पुष्कळदा आपणांस ठाऊक नसते. डोळ्यांस नीट दिसत नसेल, मागल्या इयत्तेतील एखादा पाया कच्चा राहिला असेल, घरातील एखादी कुरबूर मनास लागली असेल. कधी कधी तर ज्यांच्यावर त्याची सर्वांत अधिक श्रद्धा, त्यांच्याच हातून नकळत काही बिघडलेले असते. यास्तव शिस्त सोडावी असे आम्ही म्हणत नाही. अक्कोस अभ्यास चुकला नाही आणि आमच्या पुतणीसही चुकणार नाही. केवळ एक वाक्य आपण गिळून टाकावे, एवढेच आमचे मागणे आहे. ते कोणते, हे सांगावयास नको.

मालिकेच्या अगदी शेवटी अक्को झाडूवर बसते आणि जमिनीपासून वर उचलली जाते. सर्व मुलींच्या मानाने ती शेवटची. पंचवीस भागांनंतर एवढेच! तरीही हा शेवट पाहून आनंदाने रडलेले चाहते थोडे नाहीत, आणि आरंभी तिच्यावर चिडलेले पुष्कळजण त्यांत होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही पुन्हा गणिताची वही उघडली. प्रथम आम्ही पुतणीस सांगितले की, ताईविषयी जे बोललो ते आम्ही बोलावयास नको होते. ती जरा लाजली, मग म्हणाली, "राहू द्या काका, उदाहरण घाला." पाच उदाहरणे घातली, दोन बरोबर आली. आम्ही त्या दोहोंवर बरोबरची खूण केली व तिसरे उदाहरण तिच्यासह पहिल्या ओळीपासून पुन्हा मांडावयास घेतले.