धुरा, पांदण आणि गावातली शांतता



उलंगवाडी झाली. पऱ्हाट्या उपटून धुऱ्यावर रचल्या. आता उन्हाळवाही निघेल आणि नांगराच्या मागोमाग दरवर्षीप्रमाणे धुऱ्याची भांडणेही निघतील. कोणी एक तास जास्त मारेल, कोणी खुणेचा दगड सरकवेल, कोणी पांदणीत काट्या आणून टाकेल. मृग लागेपर्यंत निम्म्या गावाचे निम्म्या गावाशी बोलणे बंद झालेले असेल. जिल्हा बैठकीच्या विषयपत्रिकेत कापसाचा भाव आहे, पीकविमा आहे, कर्ज आहे. त्यात यंदा आम्ही गावातल्या तंट्यांचा विषय घातला, तेव्हा काही कार्यकर्त्यांनी नाक मुरडले. ही पोलीस पाटलाची कामे, संघटनेची नव्हेत, असे त्यांचे म्हणणे. त्यांच्यासाठीच हे पान.

आधी हिशेब करू, कारण हिशेबाशिवाय आपल्याला काही पटत नाही आणि ते बरेच आहे. ६६० फूट लांबीचा धुरा घ्या. शेजाऱ्याने तो एक फूट कोरला. जमीन किती गेली? एकराचा सहासष्टावा भाग. कोरडवाहू रानात एकरी पाच क्विंटल कापूस धरला, तर त्या पट्टीत साडेसात किलो कापूस होतो. २०२५-२६ च्या हंगामासाठी मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव ७,७१० रुपये क्विंटल जाहीर झाला. त्या भावाने साडेसात किलोचे पावणेसहाशे रुपये झाले, तेही बियाणे, फवारणी, वेचणी वजा न करता. तालुक्याच्या कोर्टात एका तारखेला जायचे म्हटले, तर एसटीचे भाडे, चहापाणी, वकिलाचा कागद आणि बुडालेला रोज धरून यापेक्षा जास्त खर्च होतो. आणि तारखा एक-दोन नसतात.

दुसरा हिशेब असा. २०२५ च्या ऑगस्टमध्ये केंद्र सरकारने परदेशी कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क उठवले. आधी सप्टेंबरअखेरपर्यंत, मग मुदत वाढवून डिसेंबरअखेरपर्यंत. नेमका आपला कापूस घरात येण्याच्या हंगामात. असा कागद निघाला की भावावर जो दाब येतो तो एका फुटावर येत नाही, अख्ख्या वावरावर येतो. त्या वेळी मोर्चाला चला म्हणून आम्ही गावोगाव फिरलो. एका गावात दोन घरांतली माणसे एका ट्रॉलीत बसायला तयार होईनात. चुलत भाऊच ते. कारण विचारले तर धुरा.

पण पावणेसहाशे रुपयांचा हिशेब सांगून शेतकऱ्याला हसण्याचा शहाणपणा आम्ही करणार नाही. तसे हसणारे साहेब पुष्कळ आहेत. धुऱ्याचे भांडण हे वाटणीचे भांडण असते. आजोबाचे वीस एकर, बापाचे सात, आपले अडीच. अडीच एकरवाल्याला एक फूट दिसतो, कारण त्याच्याजवळ दुसरे काही उरलेले नाही. पूर्वी धुरा चांगला सहा-सात फूट रुंद असे. त्यावर बाभूळ, बोर, चाऱ्याचे गवत, आणि पीक निघाल्यावर बंडी जाईल एवढी वाट. दोन्हीकडून कोरत कोरत आज तो पायापुरता उरला. धुरा गेल्यावर पाणी थांबत नाही, पाण्याबरोबर माती नाल्याला जाते, आणि दोन्ही शेजारी पुढच्या वर्षी खताचे एक पोते जास्त टाकतात. जिंकलेल्या शेजाऱ्याच्या शेतातलीही माती जातेच, हे मातीशास्त्राच्या वर्गात बसून शिकावे लागत नाही.

वाटेचे दुखणे मात्र याहून मोठे आहे. बंडीला जेवढी वाट पुरत होती तेवढी ट्रॅक्टरला पुरत नाही, आणि मळणीयंत्राला तर नाहीच. ज्याचे वावर आत आहे त्याने पावसाळ्यात खताची पोती डोक्यावर न्यायची आणि कापसाचे गाठोडे बायकोने चिखलातून आणायचे. समोरच्याने मनात आणले तर त्याचे पीक शेतातच सडते. पांदण ज्याच्या हातात, त्याच्या हातात आतल्या सगळ्यांची मान.

याबाबत कायदा आपल्या बाजूने आहे आणि तो आपल्याला कोणी सांगत नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ चे कलम १४३ पाहा. शेतात जायला वाट नसेल तर दुसऱ्यांच्या धुऱ्यांवरून वाट देण्याचा अधिकार तहसीलदाराला आहे. असलेली वाट कोणी अडवली, तर १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याच्या कलम ५ खाली ती मोकळी करून घेता येते. अट एकच, अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत अर्ज गेला पाहिजे. आपली माणसे नेमकी इथे चुकतात. दोन वर्षे शिव्या देतात आणि मग अर्ज घेऊन तहसीलला जातात. आपल्या विदर्भात तर आणखी एक कागद आहे, जुन्या मध्य प्रांताच्या काळापासून चालत आलेला वाजिब-उल-अर्ज. गावातल्या वहिवाटीच्या वाटा, पाण्याचे हक्क, मासेमारीचे हक्क यांची रूढी त्यात नोंदलेली असते, आणि संहितेच्या कलम १६५ ने त्याला आजही जागा दिली आहे. निस्तारपत्रक त्याचा जोडभाऊ. किती गावांत आपल्या कार्यकर्त्याने हे दोन कागद डोळ्यांनी पाहिले आहेत? मागच्या बैठकीत हात वर करायला सांगितले होते. चार हात वर आले.

आता शांततेकडे येऊ. १५ ऑगस्ट २००७ पासून राज्याच्या गृहखात्याने महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू केली. आर. आर. पाटील गृहमंत्री होते. ग्रामसभेने समिती नेमायची, गावातले दिवाणी, महसुली आणि फौजदारी तंटे नोंदवायचे, आपसात मिटवायचे, आणि तंटामुक्त ठरलेल्या गावाला लोकसंख्येप्रमाणे लाखांत बक्षीस. मोहिमेला नावे ठेवायची म्हणून आम्ही ठेवणार नाही. भावाभावांचे वर्षानुवर्षे कोर्टात पडलेले दावे पाराखाली बसून मिटलेले आम्ही पाहिले आहेत, त्यात आमचेही थोडे हात लागले आहेत. पुढे मोहिमेचा जोर ओसरला. आमचा आक्षेप जोर ओसरण्यावर नाही. बक्षीस तंटा नसण्याला होते, अन्याय नसण्याला नव्हते. तंटा नोंदला गेला नाही की गाव शांत. मग कोणी पोलीस ठाण्याची पायरी चढू लागला की चार माणसे त्याला म्हणतात, अरे, गावाचे नाव कशाला खराब करतोस. आणि हे वाक्य कोणाला ऐकवले जाते? पन्नास एकरवाल्याला कधी ऐकवलेले आठवत नाही.

मोहीम सुरू होण्याच्या एक वर्ष आधीची गोष्ट आपल्या शेजारच्या जिल्ह्यातली आहे. २९ सप्टेंबर २००६, भंडारा जिल्हा, मोहाडी तालुका, खैरलांजी. भोतमांगे कुटुंबातली आई, मुलगी आणि दोन मुलगे गावातल्या जमावाने मारून टाकले. बाप तेवढा वाचला, तोही न्यायाची वाट पाहत २०१७ मध्ये गेला. भंडाऱ्याच्या न्यायालयाने २००८ मध्ये आठ जणांना दोषी धरले, त्यांतल्या सहा जणांना फाशी सुनावली, आणि २०१० मध्ये नागपूर खंडपीठाने ती फाशी २५ वर्षांच्या कैदेवर आणली. हे सगळे आपण वर्तमानपत्रात वाचले आहे. जे आपण विसरतो ते असे, की त्या प्रकरणाच्या मुळाशी जे वाद होते त्यांत एक वाद शेतातून जाणाऱ्या रस्त्याचा होता. धानाचे पाचेक एकर वावर, बौद्ध कुटुंब, आणि त्यातून इतरांना हवी असलेली वाट. आपल्या गावात रोज घडते तेच. फरक एवढाच, की एका बाजूला गाव होते आणि दुसऱ्या बाजूला एक घर.

भावांनो, त्या गावात समिती बसली असती तर तिने काय केले असते? आम्हाला वाटते तिने त्या बाईला सांगितले असते, बाई, थोडे सोडून दे, गावाशी वाकडे घेऊ नकोस. आणि कागदावर लिहिले असते, तंटा मिटला.

दुसऱ्यांच्या गावाकडे बोट दाखवणे सोपे आहे, म्हणून आमचेही सांगतो. काही वर्षांपूर्वी आमच्याच जिल्ह्यातल्या एका गावात एका मजूर कुटुंबाला मिळालेल्या दोन एकरांची वाट अडवली गेली. अडवणारा आमचा खंदा कार्यकर्ता. मोर्चाला दोन ट्रॉल्या माणसे आणणारा, पोलिसांच्या लाठ्या खाल्लेला. ते कुटुंब आमच्याकडे आले. आम्ही म्हणालो, बघू, बसून मिटवू. बसलो नाही. आंदोलन जवळ आले होते, दोन ट्रॉल्या सोडवेनात. सहा महिने गेले, कायद्याची मुदतही गेली. ते दोन एकर त्या वर्षी पडीत राहिले आणि नंतर ठेक्याने त्याच कार्यकर्त्याकडे गेले. आम्ही शेतीची पदवी घेतलेली माणसे, त्या जमिनीत ज्वारी किती झाली असती हे आम्हाला नेमके सांगता येते. आमच्या चूप बसण्याची किंमत त्या घराने भरली. तो कार्यकर्ता आज संघटनेत नाही, पण ती गोष्ट त्याच्याबरोबर गेलेली नाही.

ज्वारीचा विषय निघालाच आहे तर थोडे आडवाटेने जाऊ. ज्वारी होती तेव्हा कडबा होता, कडबा होता म्हणून ढोरे होती, आणि ढोरे होती म्हणून गावाला गायकी लागत असे. खळ्यावर त्याची ज्वारी मोजून दिली जाई. संकरित ज्वारी आली, ती नेमकी परतीच्या पावसात सापडून काळी पडू लागली, भाव मिळेना, पाखरे आणि डुकरे राखवेनात, सोयाबीन आले. ज्वारी गेली आणि तिच्याबरोबर गायक्याची मजुरीही गेली. तो गोवारी कुठे गेला, हे आपण विचारले नाही. २३ नोव्हेंबर १९९४ ला तो नागपुरात विधानभवनावर आला होता, आदिवासी म्हणून सवलती मागायला. हिवाळी अधिवेशन चालू होते. लाठीमार झाला, चेंगराचेंगरी झाली, ११४ माणसे मेली, त्यांत बाया आणि लेकरे जास्त. सीताबर्डीवरून जाताना आपण ज्या पुलावरून जातो त्याला गोवारी शहिदांचे नाव आहे, बाजूला स्मारक आहे. उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये त्यांच्या बाजूने निकाल दिला आणि सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये तो फिरवला. मोर्चे आपणही त्याच रस्त्यावर काढतो. आपल्या ढोरांमागे जन्म घालवलेल्या माणसांच्या मोर्चात आपण कितीदा गेलो?

म्हणून या बैठकीत आम्ही एक भेद मांडणार आहोत आणि त्यावर भांडायला तयार आहोत. दोन बरोबरीच्या माणसांचा वाद असेल, दोघांकडे जमीन, दोघांच्या मागे भावकी, तर तो गावातच मिटवावा. कोर्टात जाऊ नये, संघटनेने मध्ये बसावे, मोजणीची फी दोघांत वाटावी, आणि जे ठरेल ते कागदावर घेऊन पटवाऱ्याकडे नोंदवावे, नाहीतर पुढच्या पिढीत तोच दगड पुन्हा सरकतो. पण एक बाजू सगळे गाव आणि दुसरी बाजू एक घर असेल, किंवा विधवा बाई आणि समोर दीर असेल, किंवा जमीनवाला आणि समोर मजूर असेल, तर त्याला तंटा म्हणू नये. तिथे मिटवा म्हणणारा माणूस जबरदस्ताचाच वकील होतो. दलित वा आदिवासी माणसाची जमीन बळकावणे, तिच्या वापरात किंवा पाण्यात आडवे येणे, वहिवाटीच्या वाटेला अडवणे हे १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हे आहेत. तिथे संघटनेचे काम एकच, त्या माणसाबरोबर ठाण्यापर्यंत जाणे. अडवणारा आपला कार्यकर्ता असला तरी.

हे मान्य केले तर दोन ट्रॉल्या कमी भरतील असे कोणी म्हणेल. भरतील. पण वेचणीला येणाऱ्या बाया, ठेक्याने वाहणारे, दोन एकरवाले हे कापसाच्या भावाच्या लढाईत का उतरत नाहीत, असे आपण दरवर्षी विचारतो. त्यांनी उतरावे असे आपण कधी काय केले?

मायबहिणींसाठी वेगळे दोन शब्द. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने नव्वदच्या सुमारास लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम घेतला, घरधनिणीच्या नावावर जमीन करायला लावली. त्या वाटेवर आपण फार थोडे चाललो. घरधनी गेल्यावर बाईचा धुरा सगळ्यात आधी कोरला जातो, तेराव्याचीही वाट कोणी पाहत नाही. गावातल्या बैठकीत धुऱ्याचा निवाडा होत असेल तर तिथे बाया बसलेल्या असाव्यात, चहा करायला नव्हे. गडचिरोलीच्या मेंढा-लेखा गावात सगळ्यांची सहमती होईपर्यंत निर्णय घेत नाहीत, बाया धरून. वेळ लागतो. लागू दे, उन्हाळ्यात दिवस मोठा असतो.

बैठकीला येताना प्रत्येक गावशाखेने तीन कागद आणावेत. भूमी अभिलेख कार्यालयातून गावनकाशाची नक्कल, वाजिब-उल-अर्जाची नक्कल, आणि गावातल्या अडलेल्या पांदणींची यादी, कधी अडली त्या तारखेसह. शेतरस्त्यांची नोंद सातबाऱ्याच्या इतर हक्कांत घेण्याचा शासनाचा निर्णय २०२५ मध्ये निघाला आहे. ही यादी तयार असेल तर तहसीलदारासमोर एकेकट्याने न जाता एका तालुक्याचे सगळे अर्ज एका दिवशी ठेवता येतील. यादीत आपल्या शाखाप्रमुखाने अडवलेली वाट असेल तर ती पहिल्या क्रमांकावर लिहावी. आमच्या तालुक्याची यादी आम्ही तशीच लिहिली आहे, आणि त्या दोन एकरांची वाट त्यात आहे.