बार का उडत नाही? बंदुकीला दोष देण्याआधी काडतूस बघा

रिहे (ता. मुळशी) : भात पोटरीला आला की रानडुकरांचा उपद्रव वाढतो आणि रात्रीची राखण सुरू होते. मुळशीत ज्यांच्याकडे पीक संरक्षणाचा परवाना आहे त्यांच्या जुन्या बारा बोर बंदुका मग बाहेर निघतात. डुक्कर मारायला वनखात्याची परवानगी लागतेच, पण पळवून लावायला हवेत बार काढायचा तरी तो उडायला पाहिजे. ऐन वेळी चाप ओढला आणि नुसता 'टक' आवाज आला, की बंदूक बाद झाली म्हणून लोक मोकळे होतात. बऱ्याच वेळा दोष बंदुकीचा नसतोच.

हे फक्त शेतकऱ्याचंच होतं असं नाही. 21 ऑगस्ट 2019 रोजी बिहारमध्ये सुपौल जिल्ह्यात माजी मुख्यमंत्री जगन्नाथ मिश्र यांच्या अंत्यविधीला पोलिसांनी मानवंदनेसाठी 22 रायफली रोखल्या. त्यातली एकही उडाली नाही, तेही मुख्यमंत्री नितीशकुमार यांच्यासमोर. आता विचार करा, एक बंदूक अडली तर बंदुकीवर संशय घेता येतो. बावीसच्या बावीस एकाच वेळी बिघडणं अवघड. सगळ्यांत सारखी असलेली वस्तू म्हणजे काडतूस, म्हणून संशय आधी तिकडे जातो. घरच्या बंदुकीलाही हाच हिशोब लावायचा. दुसऱ्या खोक्यातलं ताजं काडतूस उडालं तर बंदूक ठीक आहे, जुना माल खराब आहे.

न उडालेलं काडतूस काय सांगतं?

काडतुसाच्या बुडाला मधोमध छोटी कॅप असते. बंदुकीची पिन तिच्यावर आपटते, ठिणगी पडते आणि दारू पेटते. न उडालेल्या काडतुसाची ही कॅप नीट बघितली तर निम्मं निदान तिथेच होतं.

कॅपवर खूणच नसेल तर पिन पोचलेली नाही. पिन तुटली असेल, किंवा काडतूस पूर्ण आत न बसल्यामुळे बंदूक नीट मिटली नसेल. खूण उथळ असेल तर स्प्रिंग कमजोर आहे, नाहीतर जुनं तेल आणि धूळ घट्ट होऊन पिन जड झाली आहे. खूण चांगली खोल आहे आणि तरी बार उडाला नाही, तर दोष काडतुसाचा. कॅप मेली किंवा दारूला ओल लागली.

मुळशीचा पाऊस सगळ्यांना माहीत आहे. पत्र्याच्या पेटीत चार पावसाळे काढलेलं काडतूस कोरडं राहत नाही. कागदी नळीचं असेल तर ते फुगतं आणि चेंबरमध्ये, म्हणजे काडतूस बसायच्या जागेत, अडकतं. चेंबरला गंज असेल तर उडालेली नळीही बाहेर निघत नाही.

बसतं म्हणजे चालतं असं नाही

खरा धोका इथे आहे. 12 बोरच्या बंदुकीत चुकून 20 बोरचं काडतूस घातलं तर ते पुढे सरकून नळीत अडकतं. चेंबर रिकामं दिसतं. माणूस मागून 12 बोरचं काडतूस भरतो, चाप ओढतो आणि नळी फुटते. हात जातो, डोळा जातो. म्हणूनच 20 बोरची काडतुसं बहुतेक कंपन्या पिवळ्या रंगाची करतात.

लांबीचंही तसंच. बऱ्याच जुन्या बंदुकांचं चेंबर अडीच इंची असतं. पावणेतीन इंची काडतूस त्यात आरामात बसतं, कारण त्याचं दुमडलेलं तोंड उडतानाच उघडतं. उघडायला जागा मिळाली नाही की नळीतला दाब वाढतो. काडतूस घेताना बंदुकीवरचा आकडा दुकानदाराला दाखवायलाच हवा.

पोलिसांच्या जुन्या .303 रायफलीचीही अशीच एक खोड आहे. तिच्या काडतुसाच्या बुडाला कडा असते. भरताना वरच्या काडतुसाची कडा खालच्याच्या मागे गेली की दोन्ही एकमेकांत अडकतात आणि रायफल ठप्प होते. तिथे बंदूकही चांगली, काडतूसही चांगलं, भरणं चुकलेलं. 26 नोव्हेंबर 2008 ला मुंबईच्या सीएसटी स्थानकावर एके-47 समोर पोलिसांच्या हातात याच जातीच्या रायफली होत्या.

बार उडाला नाही तर

बंदूक लगेच उघडायची नाही. दारू कधी कधी उशिरा पेटते. तोंड सुरक्षित दिशेला धरून किमान एक मिनिट थांबायचं, मग काडतूस काढायचं. बार 'फुस्स' झाला तर दुसरं काडतूस भरायच्या आधी बंदूक रिकामी करून नळीतून आरपार दिसतंय का ते बघायचं. आत बूच किंवा छरे अडकले असतील तर पुढच्या बाराला नळी फाटते. घरी ठोकाठोक नको. दुरुस्ती परवानाधारक कारागिराकडेच करायची, कायदाही तेच सांगतो.

नोंद आकड्याची, तपासणी कुणाची?

परवान्यावर काडतुसांची संख्या ठरलेली असते, म्हणून लोक ती पुरवून पुरवून वापरतात आणि जुना माल साठत जातो. 2019 च्या दुरुस्तीनंतर परवान्याची मुदत 3 वरून 5 वर्षं झाली. फेऱ्या वाचल्या, पण बंदूक आणि काडतूस कुणाच्या नजरेखाली यायचा प्रसंगही लांबला. निवडणूक आली की छाननी समिती सांगेल त्यांच्या बंदुका जमा होतात. त्या परत देताना पावतीवर नंबर जुळवले जातात. त्याच वेळी एखादा जाणकार शस्त्र कारागीर बसवून चेंबर, पिन आणि काडतुसांचं वय तपासलं तर फार खर्च नाही.

खडकीचा दारूगोळा कारखाना 1869 पासून पुणे जिल्ह्यात आहे. काडतुसाची जाण असलेली माणसं इथे शोधायला लांब जावं लागणार नाही. प्रशासनाने मनावर घेतलं तर पुढच्या पावसाळ्याआधी तालुक्यात एक तपासणी शिबिर होऊ शकतं. तोवर परवानाधारकांनी निदान पेटी उघडून जुनी, गंजलेली, फुगलेली काडतुसं बाजूला काढावीत. ती उकिरड्यावर किंवा चुलीत टाकू नयेत. पोलीस ठाण्यात विचारून रीतसर जमा करावीत.