पायाच्या दुखण्याचे मूळ नेहमी कंबरेत नसते

पोटरीत मुंग्या येतात, मांडीपासून पावलापर्यंत विजेच्या झटक्यासारखी कळ जाते. अशी तक्रार असली की बहुतेकदा कंबरेचा एमआरआय होतो. त्यात एखादी चकती थोडी सरकलेली दिसते आणि 'सायटिका' असे निदान होते. पण काहीही त्रास नसलेल्या अनेकांच्या एमआरआयमध्येही अशी चकती दिसते. त्यामुळे गोळ्या, पट्टा आणि व्यायाम यांत महिने जातात. क्वचित काही रुग्णांत खरे कारण पायातच असते, ते म्हणजे मज्जातंतूवरची गाठ.

प्रौढांमध्ये अशा गाठींपैकी 'श्वानोमा' ही गाठ प्रामुख्याने आढळते. मज्जातंतूभोवती वेष्टन तयार करणाऱ्या श्वान पेशींपासून ती बनते. ती कर्करोगाची नसते आणि सावकाश वाढते. गाठीवर बोटाने टिचकी मारली तर पावलापर्यंत मुंग्या जातात. ती आडवी सरकते, पण मज्जातंतूच्या लांबीच्या दिशेने हलत नाही. एवढ्या तपासणीवरून संशय आला, की पायाच्या त्याच भागाची सोनोग्राफी किंवा एमआरआय करून खात्री करता येते.

खरा धोका असतो तो चरबीची गाठ समजून ती घाईने कापून काढण्यात. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला मज्जातंतू त्वचेच्या अगदी जवळून जातो. तो कापला गेल्यास पाऊल वर उचलता येत नाही, चालताना ते फरफटते. श्वानोमात मात्र बहुतेक तंतू गाठीच्या कडेने जातात. त्यामुळे सूक्ष्मदर्शकाखाली वेष्टन उघडून, तंतू वाचवत गाठ सोलून काढता येते. त्यानंतर काही काळ बधिरपणा राहू शकतो, पण गाठ पुन्हा होणे दुर्मीळ असते. 'न्यूरोफायब्रोमा' या प्रकारात तंतू गाठीतूनच जातात, म्हणून ती शस्त्रक्रिया अधिक अवघड ठरते.

प्रत्येक गाठ काढावीच लागते असे नाही. लहान आणि न दुखणाऱ्या गाठीवर ठरावीक काळाने लक्ष ठेवले तरी चालते. गाठ झपाट्याने वाढू लागली, विश्रांती घेतानाही दुखू लागली किंवा पायातली ताकद कमी झाली, तर मात्र कर्करोगाची शक्यता तपासावीच लागते. काढलेली गाठही प्रयोगशाळेत पाठवायला हवी.

शस्त्रक्रियेला होकार देण्याआधी रुग्णाने एक प्रश्न जरूर विचारावा : ही गाठ मज्जातंतूची तर नाही ना?