किंकाळी नको, घरघर ऐका

आमच्या धर्मापुरीच्या किल्ल्यात पोरं मोबाइलवर भुताटकीचे लघुपट काढतात. धूर, किंकाळी, कर्कश संगीत. माझं त्यांना कळकळीचं सांगणं आहे, आधी उमेश कुलकर्णींचा ‘गिरणी’ हा लघुपट पाहा. घरात पिठाची गिरणी येते आणि तिची घरघर एका मुलाचं बालपण गिळत जाते. भूत कुठंच नाही, तरी छाती दडपते. रहस्यपटांचे दिग्दर्शक हिचकॉक सांगायचे, टेबलाखालचा बॉम्ब प्रेक्षकाला आधी दाखवा, पात्रांना कळू देऊ नका. किल्ल्यातही तेच करा. भिंतीआड कुणी उभं आहे हे आम्हाला दिसू द्या, मग एखादी पोरगी सावकाश तिकडं चालत येऊ द्या. शॉट तोडू नका. संगीत बंद, फक्त तिच्या चपलांचा आवाज. तो मात्र वेगळ्या माइकवर घ्या. मोबाइलमध्ये वारा शिरला की सगळी मेहनत वाया.